मुखवट्याच्या आतल्या खुणा

शब्बीरचाचांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. लखनौच्या चौकात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत, चांदीचा वर्ख कुटणारे शब्बीरचाचा. मिठाईवर आणि विड्यावर जो पातळ चंदेरी पापुद्रा असतो, तो हातोड्यानं कुटण्यात त्यांचा जन्म गेला. आता एका डोळ्यानं काहीच दिसत नाही, दुसऱ्याला उजेड तेवढा कळतो. ते म्हणतात, "हमने क्या किया मियाँ, हम तो दिन ही भूल गए थे." खरंच, ते दिवस विसरून आले, एक प्रश्न विचारला आणि आपली चांदीची पट्टी घेऊन निघून गेले. पण ते आले नसते तर माझ्या या हातांनी जे झालं असतं, ते पुन्हा कधीच जोडता आलं नसतं.

मी सातवीपर्यंत शिकलो. आमचं गाव घाटमाथ्यावर. खालून बघितलं तर डोंगराची नुसती कड दिसते, वर गाव असेल असं वाटत नाही. नदी नाही, ओढा पावसाळ्यापुरता, विहिरीचा तळ फाल्गुनातच दिसतो. म्हणून आमच्याकडच्या घराघरातलं कुणी ना कुणी गलाईच्या कामाला बाहेर पडतं. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. कोण कोचीला, कोण गुवाहाटीला, कोण लखनौला. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. गावच्याच तात्यांचं लखनौला गलाईचं दुकान होतं, त्यांनी मला सोबत आणलं. पंधरा वर्षं झाली. इथले लोक आम्हाला नावानं हाकच मारत नाहीत, सगळेच "मराठे भाई". तात्यांच्या निशातगंजच्या घरी मराठी बोलतात, पण त्यांची पोरं उत्तर हिंदीत देतात. माझ्याशी मराठीत बोलणारं या शहरात कोण, असं मी कधी कधी स्वतःला विचारतो आणि उत्तर येतं, नाथ, आमच्या गावचा देव. भट्टीवरच्या फळीवर त्याचा फोटो आहे. मी स्वभावानं भित्रा. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघतो. त्यामुळे रोज मनातल्या मनात त्याच्याशी बोलणं चालू असतं.

आमच्या नाथाला चांदीचा मुखवटा आहे. जत्रेत पालखीत बसतो तो हाच. किती जुना, कुणाला ठाऊक नाही. नाक झिजून सपाट झालेलं, एक कान वाकलेला, कपाळावर चीर. माझे वडील पालखी दारात आली की मुखवट्याला हात लावून म्हणायचे, "आपल्या घरातला वाळा हाय ह्यात." लहान मुलाच्या पायातला चांदीचा वाळा. लोक हसायचे. "लोहाराच्या घरात चांदी कुठनं आली रं, ऐरणीतनं?" वडीलही हसायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणायचे. मलाही ते उगीच वाटायचं. आणि पोरवयात वडिलांची थोडी लाजही वाटायची, हे कबूल करतो.

गेल्या जत्रेत गावानं ठरवलं, नवा मुखवटा करायचा. शेजारच्या गावानं आदल्या वर्षी मोठा केला होता, ते आमच्या बापूंना, म्हणजे जत्रा कमिटीच्या अध्यक्षांना, सहन होत नव्हतं. गुरवदादांनी रीतीप्रमाणे कौल लावला. देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. हलगी वाजली, गुलाल उधळला. मग तात्या उभे राहिले आणि म्हणाले, मुखवटा लखनौला घडवून आणतो, ही माझी सेवा. जुना वितळवून त्यात नवी चांदी घालू, म्हणजे देवाचं तेज नव्यात उतरेल. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. आम्ही गलाईवाले. जुनी, वाकलेली, चिरलेली चांदी बघितली की आमचा हात आपोआप मुशीकडे, धातू वितळवायच्या भांड्याकडे, जातो. शेजारी बसलेल्या कुणालाच काही खटकलं नाही, कारण शेजारी बसलेले सगळेच गलाईवाले होते.

मुखवटा घोंगडीत गुंडाळून मी रेल्वेनं आणला. दोन रात्री मांडीवर ठेवला, डुलकीसुद्धा घेतली नाही. वितळवायचं काम तात्यांनी माझ्यावर टाकलं. मी रविवार धरला, नाथाचा वार. उपास केला. त्या दिवशी बापू विमानानं येणार होते, नव्या मुखवट्यासाठी ओतलेल्या चांदीच्या पाटाची, म्हणजे लगडीची, पूजा त्यांच्या हातून व्हायची होती. तात्या त्यांना आणायला अमौसीच्या विमानतळावर गेले. जाताना म्हणाले, "आम्ही येईपर्यंत पाट ओतून तयार ठेव. बापूंना ताटकळत ठेवू नको."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागलो. मुखवट्याच्या आत पूर्वीच्या लोकांनी लाख भरलेली होती, हातोडी लागली तर चेहरा दबू नये म्हणून. ती आधी तापवून काढली. काळा धूर झाला, आतला सगळा भाग काजळीनं माखला. मग भट्टीत मूस ठेवली आणि ब्लोअर सुरू केला. आणि माझ्याकडून असं काही झालं, जे नव्या माणसाकडूनही होत नाही. कोरी मूस आधी मंद आचेवर शेकून घ्यावी लागते. मी ती तशीच धगीत ठेवली. टक्कन आवाज आला आणि मूस उभी तडकली. रिकामी होती म्हणून बरं. पंधरा वर्षांत माझी मूस अशी कधी तडकली नव्हती. फोटोकडे बघून म्हणालो, "नाथा, आज हात सांभाळ." दुसरी मूस शेकायला ठेवली. तिला वेळ लागणार होता, तोवर मुखवट्याचे तुकडे करून ठेवू म्हणून मोठी कात्री घेतली. अख्खा मुखवटा मुशीत मावत नाही. हनुवटीच्या कडेला कात्री लावली. डोळे मिटून नाथाचं नाव घेतलं.

तेवढ्यात शटरवर काठी वाजली. "मराठे भाई! हो क्या?"

शब्बीरचाचा दर सोमवारी शुद्ध चांदीची पट्टी न्यायला येतात. रविवारी कधीच नाही. त्या दिवशी त्यांना सोमवार वाटला होता. मी म्हणालो, "चाचा, आज इतवार है." ते शटरखालून वाकून आत आले आणि भिंतीला टेकून हसायला लागले. "लो! आँख तो गई थी, अब हिसाब भी गया. चलो, आ गए हैं तो बैठ लेते हैं. चाय मत मँगाना, तुम्हारे यहाँ की चाय में तेजाब की बू आती है."

त्यांची एक सवय आहे. चांदी जवळ असेल तर हात लावल्याशिवाय राहत नाहीत. म्हणाले, "क्या काट रहे हो? लाओ ज़रा." मी मुखवटा त्यांच्या हातात दिला. आधी मनात आलं, देवाची वस्तू आहे. मग वाटलं, आता ती चांदीच आहे. असं वाटलं हेही लिहितो, लपवत नाही.

त्यांनी नखानं वाजवून बघितलं. गालावरून बोटं फिरवली, नाकावरून, वाकलेल्या कानावरून, अगदी सावकाश. "किसी का चेहरा है?" मी सांगितलं, आमच्या देवाचा आहे, नवा करायचा आहे म्हणून वितळवतोय. त्यांनी मान हलवली. मग मुखवटा उलटा केला आणि आतून बोट फिरवायला लागले. काजळीनं बोटं काळी झाली. मी फडकं पुढं केलं तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

"ये ठुकाई नहीं है," ते म्हणाले. "हमने साठ साल ठोका है, ठुकाई हम पहचानते हैं. ये किसी ने बैठ के, गिन के बनाया है. देखो, यहाँ कुछ है. यहाँ भी है. ये पहिया है क्या?"

मी बल्बखाली नेऊन काजळी पुसली. आत बारीक टिंबांनी ठोकलेली चित्रं होती. एक चाक. एक नांगर. एक चंद्रकोर. ओळीनं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, प्रत्येक आपापल्या जागी, सगळी सारख्याच आकाराची.

"कौन लोग हैं ये?" चाचांनी विचारलं.

चाक कुंभाराचं असेल, नांगर पाटलांचा, म्हणजे बापूंच्या घराचा, चंद्रकोर मुलाण्यांची, एवढं मला सुचलं. बाकीच्यांचं काही सांगता येईना. माझ्या गावाचा देव माझ्या हातात, आणि परक्या शहरातला आंधळा म्हातारा मला विचारतोय ही माणसं कोण, आणि मला ठाऊक नाही. चाचांची बोटं वाकलेल्या कानाजवळ थांबली. त्यांनी भट्टीजवळच्या राखेत बोटानं ते चित्र जसंच्या तसं काढलं. "और ये? चिमटा है?"

ती सांडशी होती. मूस धरायला माझ्या हातात रोज असते तशीच, दोन पायांची, तोंडाशी वाकडी. लोहाराची सांडशी. वडिलांचा आवाज कानात आला. आपल्या घरातला वाळा हाय ह्यात.

चाचा उठले. काठी चाचपत त्यांनी सहज विचारलं, "पूछ लिया है ना?"

"किससे, चाचा?"

"जिसका चेहरा है."

"हाँ, पूछा है," मी लगेच म्हणालो. कौल झाला होता की. पण बोलता बोलताच मला त्या दिवशीचे गुरवदादांचे शब्द आठवले. नाथा, तुला नवा मुखवटा करावा का? एवढंच विचारलं होतं. उजवी पाकळी पडली ती या प्रश्नाला. जुना वितळवावा का, हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंच नव्हतं कुणाला.

चाचांना त्यांची पट्टी दिली. शटरच्या बाहेर ते चुकीच्या दिशेला वळले, मी हाक मारून सरळ केलं. मग आत आलो, ब्लोअर बंद केला आणि कात्री खिळ्याला टांगली. माझं ठरायचं लग्न, माझी नोकरी, झोपायला मिळालेली दुकानावरची खोली, सगळं तात्यांच्या हातात होतं. शब्द मोडायचा तर कुणाचा, याचा विचार करत मी तासभर बसलो. त्या तासात माझी भीती गेली असं म्हणणार नाही. भीती तशीच होती. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं आणि ते हलत नव्हतं. देवाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

तात्या आणि बापू आले. बापूंच्या हातात हार, तात्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"झालं का रं?" बापू म्हणाले.

"न्हाई, बापू."

"का? लखनौचा कोळसा संपला व्हय?"

तडकलेली मूस बघून तात्यांनी कपाळावर हात मारला. "लेका, पंधरा वर्षं झाली तुला. कोरी मूस धगीत घातलीस?"

मी मुखवटा घोंगडीवर पालथा ठेवला होता. म्हणालो, "तात्या, मूस दुसरी तयार हाय. पण मी ह्याला वितळवणार न्हाई. कौल नव्या मुखवट्याचा लागला. जुन्याचं काय करायचं ते नाथाला कुणी विचारलं न्हाई."

बापूंचा चेहरा लाल झाला. "सातवी शिकलेला तू, आणि देवाचा कायदा आम्हाला शिकवणार?"

"शिकवत न्हाई, बापू. विचारा म्हणतोय. नाथ हो म्हणाला तर मी माझ्या हातानं वितळवतो, डोळ्यातनं पाणी काढणार न्हाई. पण विचारल्याबिगर न्हाई. मला कामावरनं काढा, चालेल."

हे वाक्य माझ्याच तोंडून आलं यावर माझा विश्वास बसेना. तात्या तर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचं लक्ष घोंगडीवर गेलं. ते खाली बसले, चष्मा लावला. "बापू, हे बघा की. चाक हाय. हलगी हाय. सुताराचा वाकस हाय." बापूही वाकले. आपल्या घराची खूण कपाळावरच असणार, म्हणून ते वरून शोधायला लागले. नांगर सापडला तो अगदी खाली, हनुवटीशी, मेंढराच्या कातरीच्या शेजारी. बराच वेळ त्यांनी नांगरावर बोट ठेवलं होतं.

तात्यांनी गुरवदादांना फोन लावला, कौलाचं विचारलं आणि आतल्या खुणांचंही सांगितलं. दादांनी सरळ सांगितलं, "खरं हाय. मी एकच विचारलं. दुसरं तुम्ही कुणी मला विचाराय सांगितलंच न्हाई." मग मागून त्यांच्या आईचा आवाज आला. म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणून दादांनी फोन तिच्या हातात दिला. ती ओरडून बोलत होती, आमच्या तिघांच्या कानात एकदम. "आरं, त्या परत आल्याल्या घरांच्या खुणा असतील. माझी सासू सांगायची. मोठ्या दुष्काळात अख्खं गाव उठलं हुतं. देवळाला दिवा लावायला माणूस न्हवतं. मग जे जे घर परत आलं, त्यानं घरातलं होतं नव्हतं ते रूपं, म्हंजे चांदी, देवाला दिलं, त्याचाच ह्यो मुखवटा. लोहाराच्या बाईजवळ काय न्हवतं. वाटंत तिचं पोरगं गेलं हुतं, त्याचा वाळा दिला तिनं."

तात्या आणि मी गाव सोडून पोटासाठी आलेलो. मुखवट्यावरची ती माणसं गावातून उठली होती आणि परत गेली होती, आणि परत आल्याची खूण म्हणून त्यांनी देवाच्या चेहऱ्याच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आपापलं चित्र ठोकलं होतं. बहुतेक माझ्याच पणजोबांच्या हातानं ठोकून घेतलं असेल. आणि मी ते मुशीत घालणार होतो.

पुढच्या रविवारी कौल लावायचं ठरलं. तो आठवडा माझा कसा गेला ते नाथालाच ठाऊक. मुखवटा दुकानाच्या तिजोरीत होता आणि मी रोज तीनदा ऐवजी सहादा कुलूप ओढत होतो. सुरुवातीला मी प्रार्थना करत होतो की वाचव. मग एका दुपारी काम करता करता माझ्या लक्षात आलं, मी विचारत नव्हतो, सांगत होतो. बापूंनी जसं गृहीत धरलं होतं तसंच मीही धरत होतो, फक्त माझी बाजू वेगळी. त्या दिवशी फोटोपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, तुझा चेहरा आहे, तू ठरव. वितळव म्हणालास तर तो वाळाही तुझाच होता, मी कोण राखणारा. एवढं म्हटलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. त्यानंतर मी कुलूप एकदाच ओढलं.

रविवारी सकाळी दादांनी पाकळ्या लावल्या. प्रश्न असा होता: जुना मुखवटा आहे तसा ठेवावा का? तात्यांचा फोन व्हिडिओ कॉलवर भट्टीशेजारी उभा करून आम्ही लखनौतून बघत होतो. दोन तास काहीच हललं नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं, चहा येऊन गार झाला. गावी परतलेले बापू तिकडं देवळात मांडी घालून बसले होते, तेही उठले नाहीत. आणि मग उजवी पाकळी सुटली. वारा होता का, पाकळी सुकली होती का, मला माहीत नाही. मी तो वाद करत नाही. बापूंनी फेटा काढून देवापुढे ठेवला, एवढं मी बघितलं.

नवा मुखवटा नव्या चांदीचाच झाला. जुन्याची भर पडली नाही म्हणून बापूंच्या मनात होता त्यापेक्षा लहान झाला. शेजारच्या गावाएवढा नाही. या जत्रेत तो पालखीत बसला. जुना मुखवटा सभामंडपात घोंगडीवर पालथा ठेवला होता. पालखी निघण्याआधी दादांनी एकेक खूण पुकारली आणि त्या त्या घरातलं माणूस पुढे येऊन बोट लावून गेलं. कुंभार, सुतार, मुलाणी, धनगर, हलगीवाले. कोचीहून आलेले, गुवाहाटीहून आलेले. बापूंचं घर हनुवटीशी असल्यानं त्यांची पाळी शेवटी आली, आणि ते रांगेत उभे राहिले. सांडशी पुकारली तेव्हा मी बोट लावलं. वडिलांना हसणारे दोघं-तिघं मंडपात होते. त्यातल्या एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवीस खुणांपैकी एकोणीस घरं ओळखली. चार अजून कळलेल्या नाहीत. एक पक्ष्यासारखी आहे, एक घागरीसारखी. त्या घरांचा शोध मी सोडलेला नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करतो, विचारतो, वहीत लिहितो. माझ्या अक्षरापायी शाळेत मार खाल्ला होता, आता त्याच अक्षरात गावाचा इतिहास भरतोय.

लखनौला परत आल्यावर शब्बीरचाचांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं मी वाढवून सांगतोय. शेवटी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "अच्छा, तो कौन लोग थे वो?" मी वही काढून वाचायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "ऐसे नहीं. हमने उँगली से पढ़ा था." मग जरा थांबून, "तुम्हारा गाँव पहाड़ पे है, हमसे चढ़ा जाएगा?"

चाचा, एसटी थेट देवळापर्यंत जाते. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मला सांगता आलं नाही, ते माझ्यावर राहिलंय. उरलेली चार घरं शोधतो, आणि एका जत्रेला तुम्हाला माझ्यासोबत घाटावर नेतो. नाथापुढे तुम्हाला बसवीन, तो मुखवटा तुमच्या मांडीवर पालथा ठेवीन, आणि तुमचं बोट ज्या ज्या खुणेवर थांबेल त्या त्या घराचं नाव तुमच्या कानात सांगेन. कपाळापासून हनुवटीपर्यंत, तेवीसच्या तेवीस.